९९६ चा एअर-ऑइल सेपरेटर घरी बदलला: आधी मोजा, मग उघडा

आडवा_सिक्स

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज नखातलं काळं निघायच्या आत लिहून टाकतो. गाडी पोर्श ९११, ९९६ पिढीतली, ३.४ लिटरचं एम९६ इंजिन. गेल्या महिन्यात एका सकाळी सेल्फ मारला आणि मागे एवढा पांढरा-निळसर धूर की पाठीमागची भिंत दिसेना, दोन मिनिटं झाली तरी थांबेना, आयडलिंग वर-खाली, मागून बारीक शिटी आणि थोड्या वेळात चेक इंजिनचा दिवा. स्कॅनर लावला तर पी ११२८ आणि पी ११३०, म्हणजे दोन्ही बँकांचं, सिलेंडरच्या दोन्ही रांगांचं, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतंय (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि कॉम्प्युटरची भरपाई करायची हद्द संपलीय.

ज्या गॅरेजला आधी दाखवली तिथे सांगितलं की पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवून खोलावं लागेल. ती रात्र वाईट गेली, खोटं कशाला सांगू. मग शांतपणे बसून वाचलं, मोजलं, आणि दोष निघाला प्लास्टिकच्या एका डब्यात. म्हणून हा धागा, कारण या इंजिनाला धूर आला की लोक घाबरून थेट मोठ्या खर्चात उडी मारतात.

आधी थोडक्यात हा डबा करतो काय. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस नेहमीच खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या पोकळीत, उतरतो, त्याला ब्लो-बाय म्हणतात, इंजिन नवं असलं तरी हे होतंच. त्या गॅसमध्ये ऑइलचं धुकं, पाण्याची वाफ, न जळलेलं पेट्रोल असं सगळं असतं. पूर्वीच्या गाड्यांत तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडायचे, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाने ते बंद करायला लावलं आणि गॅस परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या मार्गात, ओढून जाळायची पद्धत रुळली. पण गॅस ओढला की ऑइलही येणार, म्हणून मध्ये सेपरेटर. गॅस वर इनटेककडे जातो, ऑइल खाली इंजिनात परत. आणि यातला एक रबरी पडदा, डायफ्राम, इनटेकचा सगळा व्हॅक्यूम क्रँककेसवर येऊ देत नाही, मोजूनमापून येऊ देतो. हा पडदा फाटला की तीन गोष्टी एकदम होतात: मोजमाप न झालेली हवा आत शिरते (शिटी आणि पातळ मिश्रण तिथून), क्रँककेसमधला व्हॅक्यूम वाढतो, आणि ऑइल सरळ इनटेकमध्ये ओढलं जातं, मग धूर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मोजणं. ऑइल फिलरचं एक जादा झाकण घेतलं, भोक पाडून त्यात नळीचा निपल पक्का बसवला, हवाबंद. त्याला पारदर्शक नळी, ती यू आकारात फळीवर बांधली आणि अर्धी पाण्याने भरली, पाण्यात शाईचे दोन थेंब म्हणजे नीट दिसतं. दुसरं टोक उघडं. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, आयडलवर. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जो फरक पडतो तो इंचात वाचायचा. एका बाजूने पाणी जेवढं चढतं तेवढंच दुसरीकडे उतरतं, त्यामुळे एकाच बाजूचं मोजलं तर आकडा निम्मा येतो, ही चूक मी पहिल्यांदा केली. निरोगी एम९६ ला साधारण ४ ते ६ इंच येतं. माझं आलं ११. यू चे दोन्ही हात चांगले तीन-तीन फूट ठेवा, नाहीतर व्हॅक्यूम जास्त असला तर पाणी इंजिनात जाईल.

काम कसं केलं ते पुढच्या प्रतिसादात टाकतो, हात दुखतोय.

निळा_धूर

दादा अगदी वेळेवर धागा काढलात. माझी बॉक्सस्टर ९८६, हीसुद्धा सकाळी धूर मारते पण रोज नाही, चार-पाच दिवसातून एखादवेळी, आणि अर्ध्या मिनिटात संपतो. दिवा नाही, शिटी नाही. सेपरेटर मागवून ठेवू का? मनात सारखी भीती आहे की इंजिन जाईल.

स्पॅनरताई

@निळा_धूर थांबा, काही मागवू नका. ही आडवी इंजिनं आहेत, सिलेंडर झोपलेले, त्यामुळे गाडी उभी राहिली की थोडं ऑइल रिंगांजवळ साचतं आणि सेल्फ मारला की तेवढं जळतं. विशेषतः गाडी तिरकी उभी असेल किंवा सुरू करून लगेच बंद केली असेल तर. एखादा ढग येऊन गेला तर ते या इंजिनांचं नेहमीचं आहे. सेपरेटर गेल्यावरचा धूर संपत नाही, ढगावर ढग येतात आणि इंजिन मिसिंग करतं. एक सोपी परीक्षा, इंजिन आयडलवर असताना ऑइलचं झाकण उघडून बघा. चांगल्या इंजिनात हलकी ओढ लागते, झाकण काढता येतं आणि आयडलिंग जरा बिघडतं. पडदा फाटला असेल तर झाकण आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं. पण हा नुसता अंदाज, खरं उत्तर आडवा_सिक्स यांच्या पाण्याच्या नळीतच.

आणि ऑइलची पातळी तपासा. जास्त ऑइल भरणं हे सेपरेटर खराब व्हायचं एक मोठं कारण आहे, लोक काळजीपोटी खुणेच्या वर भरतात आणि मग तेच ऑइल वर चढतं.

आडवा_सिक्स

ताईंचं बरोबर आहे, झाकणाची परीक्षा मीही केली होती, अक्षरशः दोन हातांनी ओढावं लागलं.

आता काम. ९९६ मध्ये हा सेपरेटर इनटेकच्या खाली, खोलात, केबिनच्या भिंतीकडे लपलेला असतो, डोळ्याने जेमतेम दिसतो, बरंचसं काम बोटांच्या अंदाजाने. गाडी उचलून जॅक स्टँडवर पक्की उभी केली, हलवून हलवून खात्री केली, मगच खाली गेलो. बॅटरी सोडवली. एअर बॉक्स काढला, थ्रॉटल बॉडी काढली आणि तिथेच कळलं की निदान बरोबर आहे, आत ऑइलचं तळं. दोन्ही बाजूंना जोडणारा मधला प्लेनम, त्याच्या रबरी बाह्यांचे क्लॅम्प ढिले करून बाहेर घेतला. उघड्या तोंडांत लगेच स्वच्छ फडकी कोंबली आणि किती कोंबली ते भिंतीवर खडूने लिहिलं. हे फार गरजेचं आहे, एक नट आत पडला की संपलं, आणि एक फडकं आत राहिलं तरी संपलं.

मग इंजिनाखाली जॅक, मध्ये लाकडाचा जाड ठोकळा, इंजिन माउंटचे नट सैल करून इंजिन मागून दोनेक इंच खाली घेतलं. सावकाश, दर थोड्या वेळाने बघत की कुठली वायर किंवा नळी ताणली जात नाहीये ना. काही जण इंजिन खाली न घेताही करतात, पण माझे हात जाड आहेत आणि ते दोन इंच मिळाल्यावर जो फरक पडला, मी तरी तसंच करा म्हणेन.

सेपरेटरचे बोल्ट १० च्या सॉकेटने लांब एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट लावून निघाले. खरा त्रास खालच्या बेलोज नळीचा. ही वळ्यावळ्यांची नळी सेपरेटरला क्रँककेसशी जोडते, तिचा खालचा क्लॅम्प असा फिरवून बसवलेला होता की स्क्रूचं डोकं भिंतीकडे. त्या एका क्लॅम्पने पाऊण दिवस खाल्ला. शेवटी लवचिक दांड्याचा ड्रायव्हर आणि आरशावर टॉर्च मारून निघाला. नळी बाहेर काढून वाकवली तर दोन वळ्यांमध्ये केसाएवढी भेग, दाबली की उघडायची. म्हणजे नुसता डबा बदलून जुनी नळी ठेवली असती तर महिन्याभरात परत तेच. डबा बदलताना नळी आणि क्लॅम्प नवे घ्याच, यात काटकसर करू नका.

नवीन बसवताना क्लॅम्पचा स्क्रू आधीच टेबलावर अशा कोनात फिरवून घेतला की पुढच्या वेळी हात पोचेल. बोल्टचे आटे आधी हाताने लावले, बरेच आटे फिरल्यावरच पाना लावला, कारण अॅल्युमिनियममध्ये वाकडा आटा गेला तर भरून निघत नाही.

सुबी_बॉक्सर

वाचतोय, छान चाललंय. एक विचारू का, इनटेकमध्ये जे ऑइल साचलं होतं त्याचं काय केलं? माझ्या ओळखीतल्या एकाने नवा डबा लावून तसाच सेल्फ मारला आणि इंजिन ठप्प.

आडवा_सिक्स

@सुबी_बॉक्सर फार महत्त्वाचं विचारलंत, मी लिहायचं विसरलो. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. सिलेंडरमध्ये वाटीभर ऑइल असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून प्लेनम आणि थ्रॉटल बॉडी पूर्ण पुसली, इनटेकच्या नळ्यांमध्ये फडकं लांब दांड्याला बांधून फिरवलं, मग सहाही प्लग काढले. दोन प्लग ऑइलने ओले होते. इंजिन क्रँक पुलीवरून पान्याने हाताने सावकाश दोन फेरे फिरवलं, कुठे अडलं नाही, मग पेट्रोलचा पुरवठा बंद ठेवून प्लगशिवाय थोडा वेळ सेल्फ मारला, भोकांतून ऑइलचे शिंतोडे उडाले. नवे प्लग टाकले आणि मगच सुरू केलं.

आणि तयारी ठेवा, दुरुस्तीनंतरही गाडी धूर मारणार! सायलेन्सर आणि कॅटमध्ये (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जे ऑइल आधी गेलंय ते जळेपर्यंत. माझ्या गाडीला साधारण अर्धा तास चालवल्यावर थांबला. पहिल्या पाच मिनिटांत माझा धीर सुटत होता, वाटलं सगळं वाया गेलं. पण नळीवर मोजलं तर ५ इंच, स्थिर. तो आकडा बघून जे वाटलं ते काय सांगू.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांना अजून एक पायरी: बॅटरी जोडल्यावर इग्निशन चालू करून इंजिन सुरू न करता मिनिटभर तसंच ठेवायचं, अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, मग बंद करून दहाएक सेकंद थांबायचं. थ्रॉटल आपली जागा पुन्हा शिकते.

ट्रॅकवाला

मेहनतीला सलाम, पण मूळ कंपनीचाच डबा परत का बसवला? तोच प्लास्टिक, तोच पडदा, पुन्हा फाटणार. मी ट्रॅकवर जातो, चिकट टायर आहेत, लांब वळणात ऑइल एका बाजूला ढकललं जाऊन हेडमध्ये साचतं आणि तिथून सेपरेटरमध्ये. माझे दोन डबे असे गेले, म्हणजे पडदा शाबूत पण डबा ऑइलने भरून ओसंडला. मग मोठ्या क्षमतेचा मोटरस्पोर्ट सेपरेटर लावला, सोबत संपमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीत, ऑइल घुसळू न देणारे जादा बॅफल. तेव्हापासून मागचा भिडू धुराबद्दल तक्रार करत नाही. एकदाच काय ते चांगलं करून टाकावं असं माझं मत.

आडवा_सिक्स

@ट्रॅकवाला तुमच्या वापराला तेच योग्य, यात वाद नाही. तुमच्याकडे डबा कमी पडतो, माझ्याकडे रबर म्हातारं झालं. माझी गाडी ट्रॅकवर जात नाही. मोठ्या डब्याला बसायला जागा कमी, नळ्यांचे मार्ग बदलावे लागतात आणि प्रत्येक नवा जोड म्हणजे गळतीची एक नवी शक्यता. मी पण आधी अपग्रेडचंच ठरवलं होतं, मागवायच्या पानापर्यंत गेलो होतो. मग विचार केला की मूळ डबा एवढी वर्षं टिकला. शिवाय कंपनीने हा भाग वेळोवेळी सुधारलाय, पार्ट नंबरचे शेवटचे दोन आकडे बघून सगळ्यात नवी आवृत्ती घेतली, मला तेवढं अपग्रेड पुरे.

निळा_धूर

कॅच कॅन लावला तर? व्हिडिओत सगळे तेच लावतात, दिसायलाही भारी दिसतो.

सुबी_बॉक्सर

याच्यावर मी बोलतो कारण माझी सुबारू टर्बो आहे आणि दोन्ही वापरून झालंय. फरक समजून घ्या. कॅच कॅन ऑइल फक्त साठवतो, तुम्हाला तो उघडून रिकामा करावा लागतो. एअर-ऑइल सेपरेटर ऑइल वेगळं करून इंजिनात परत पाठवतो. थंड हवेत कॅच कॅनमध्ये ऑइलपेक्षा पाणी जास्त सापडतं, दोन्ही मिळून लोण्यासारखा पिवळट लेप होतो, कडाक्याच्या थंडीत ते गोठून नळी बंद झाली तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि सील बाहेर येतात. म्हणून सुबारूसाठी बाजारात मिळणाऱ्या चांगल्या सेपरेटरमधून गरम कूलंट फिरवतात, डबा गरम राहिला की पाणी वाफ होऊन निघून जातं आणि इंजिनात परत जातं ते ऑइलच.

टर्बोमध्ये याची गरजही जास्त. बूस्ट आला की इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसून दाब असतो, पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसचा गॅस मॅनिफोल्डमध्ये सोडणारा) बंद होतो आणि सगळा ब्लो-बाय ब्रीदरमधून टर्बोच्या तोंडाशी येतो, तोसुद्धा नेमका जास्त असताना. हे ऑइल पेट्रोलबरोबर जळतं तेव्हा मिश्रणाचा ऑक्टेन खाली येतो आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके, सुरू होतं. ट्यून केलेल्या गाडीला हे परवडत नाही.

बसवताना मी एक चूक केली ती सांगतो. ऑइल परत जायची नळी मध्ये झोळीसारखी खाली लोंबत होती. त्या खोलगट भागात ऑइल साचलं, परतीची वाट बंद, डबा भरला आणि सगळं इनटेकमध्ये. परतीची नळी वरपासून खालपर्यंत सतत उतरती हवी, कुठेही चढ नको, आणि डबा इंजिनातल्या ऑइलच्या पातळीच्या बराच वर हवा. नळ्यांचा व्यासही मूळपेक्षा बारीक नको.

स्पॅनरताई

सुबी_बॉक्सर यांना अनुमोदन. आणि @निळा_धूर, तुमच्या इंजिनात हवा मोजणारा मॅफ सेन्सर आहे, त्याच्या पुढे कुठेही हवा चोरून शिरली की मिश्रण पातळ. स्वस्तातला कॅच कॅन, ज्याचं झाकण नीट हवाबंद नाही किंवा वर छोटा फिल्टर लावलाय, तो या सर्किटमध्ये घातला की तुम्ही स्वतःच्या हाताने पी ११२८ आणून ठेवता.

ट्रॅकवाला

काही जण तर ब्रीदर सरळ हवेत सोडतात, इनटेक कायमचा स्वच्छ. रेसमध्ये चालतं.

स्पॅनरताई

रेसमध्ये चालतं, तिथे त्यासाठी वेगळी टाकी बांधलेली असते. रस्त्यावरच्या गाडीला करू नका, मी अगदी कळकळीने सांगते. बऱ्याच ठिकाणी ते बेकायदेशीर आहे हा एक भाग. पण क्रँककेसमधला तो हलका व्हॅक्यूमच सील आतल्या बाजूला धरून ठेवतो आणि ऑइलमधली वाफ, पेट्रोल बाहेर काढतो. तो गेला की गळती वाढते, ऑइल लवकर खराब होतं. आणि ती नळी गरम एक्झॉस्टजवळ ठिबकायला लागली तर आग. केबिनमध्ये वास येतो तो वेगळाच.

उलट बाजूही आहे, व्हॅक्यूम फार झाला तर क्रँकशाफ्टचं मागचं मेन सील आत ओढलं जाऊन तिथून गळती आणि शिटी. या इंजिनांचं ते सील आधीच बदनाम आहे. मी अशी गाडी पाहिली जिचा गिअरबॉक्स उतरवून सील बदललं, महिन्यात परत गळायला लागलं, कारण फाटलेला डायफ्राम कोणी पाहिलाच नव्हता. सील बदलायच्या आधी मॅनोमीटर, म्हणजे तीच पाण्याची नळी, लावा एवढंच म्हणणं.

ट्रॅकवाला

हे मान्य ताई. सीलचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्या गाडीलाही बेल हाउसिंगखाली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाशी, ओल दिसते. या आठवड्यात नळी बांधतो. गाडी चालवताना मोजायचं असेल तर?

आडवा_सिक्स

चालवताना पाण्याची नळी नको, वळणात पाणी कुठेही जाईल. कमी दाब मोजणारा डिजिटल मॅनोमीटर मिळतो, इंच पाण्यात दाखवतो, तो केबिनमध्ये ठेवून लांब नळी आणा. तुमच्या बाबतीत हे फार उपयोगाचं होईल, ट्रॅकवर नेमक्या कुठल्या वळणानंतर आकडा बिघडतो ते दिसेल. वाचायचं मात्र शेजारी बसलेल्याने, तुम्ही नाही.

बाकी कोणी काम काढलंच तर इनटेक बाहेर असताना स्टार्टरच्या जाड केबलचं टोक बघून घ्या, तो तिथेच खाली आहे, माझं हिरवं पडलं होतं, घासून घट्ट केलं आणि आता सेल्फ गरम इंजिनावरही जोरात फिरतो. प्लेनमच्या रबरी बाह्या कडक झाल्या असतील तर त्याही बदला. चढवताना आतून साबणाच्या पाण्याचा हात फिरवा, सरकन बसतात, आणि बसल्यावर संपूर्ण कड बोटाने चाचपा, एका बाजूला दुमडली तर हवा चोरणार.

एकूण वेळ म्हणाल तर मला दोन पूर्ण दिवस लागले, पुढच्या वेळी एका दिवसात होईल असं वाटतं, कारण तो क्लॅम्प आता माझ्याकडे तोंड करून आहे.

निळा_धूर

नळी बांधली! झाकणाचं भोक आधी जरा मोठं पडलं होतं, रबरी ग्रॉमेट घालून हवाबंद केलं. पूर्ण गरम, एसी बंद, आयडल. दोन्ही पातळ्यांतला फरक साडेपाच इंच, जराही हलत नाही. थ्रॉटल बॉडीची नळी काढून आत बोट फिरवलं तर नुसता पातळ ओलसर थर. म्हणजे सेपरेटर ठीक ना? पण डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं बोटभर वर आहे, मागच्या सर्व्हिसपासून तसंच असणार, मी कधी पाहिलंच नाही. आणि गाडी ज्या जागी उभी करतो ती एका बाजूला उतरती आहे.

आडवा_सिक्स

सेपरेटर ठीक आहे, हात लावू नका. तो पातळ थर सगळ्यांच्याच इनटेकमध्ये असतो. जादा ऑइल मात्र आजच काढा. ड्रेन प्लग उघडायची गरज नाही, भरायच्या तोंडातून किंवा डिपस्टिकच्या नळीतून बारीक नळी सोडून हातपंपाने थोडं थोडं ओढा, सपाट जागेवर गाडी ठेवून, दर वेळी थांबून पातळी बघत. वरच्या खुणेच्या जरा खाली आलं की थांबा. मग महिनाभर कुठल्या दिवशी धूर आला आणि त्याच्या आदल्या रात्री गाडी कशी उभी होती ते लिहून ठेवा आणि इथे टाका.

निळा_धूर

काढलं, जवळजवळ पाऊण लिटर निघालं. गाडी आता उलट्या तोंडाने लावतोय. वही केलीय, महिन्याने येतो.